तिसरा मजला

१४ मार्च, मंगळवार

धाकटे,

आशीर्वाद. मी बरा आहे. तूही असशीलच, नाहीतर कुणीतरी कळवलं असतं.

काम सुटलं की समुद्राकाठी जायचं, थंडीचा जाच नाही अशा ठिकाणी, हे माझं आणि तुझ्या वहिनीचं ठरलेलं तुला माहीत आहे. म्हणून गेल्या आठवड्यात तीन शहरं बघून आलो. पहिल्यात हवा छान, पण पाणी खारं. मी चाळीस वर्षं प्लंबर, आधी नळ सोडून बघतो. तोटी सडलेली, आणि मालक म्हणतो, "चवीची सवय होते." म्हटलं, तुम्हीच प्या. दुसऱ्यात दवाखाना जवळ, रस्ते सपाट. पण जिथं तिथं बाकावर म्हातारे. पाऊण तासात तिघांनी मला साखर किती म्हणून विचारलं. पळालो.

तिसरं झकास. नळाला जोर, दोन खोल्या, वारा आरपार, खाली बाजार. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या. नाही म्हणून टाकलं.

दलाल म्हणाला, "काका, तुम्ही तर माझ्या आधी वर पोचलात."

"माझं नाही हो. बायकोचे गुडघे दुखतात."

"मग त्यांनाच घेऊन या, बघू देत."

मी खाली उतरलो, बसमध्ये बसलो. तिन्ही शहरांत पायऱ्याच मोजत हिंडलो होतो, धाकटे. तुझ्या वहिनीला जाऊन आठ महिने झाले, आणि मी तिच्या गुडघ्यांपायी घर नाकारून आलो.

ती गेली त्या दिवशी तू म्हणालीस, दादा, एकदा रडून घे. मी म्हटलं, तमाशा नको, आणि तुला पहिल्या गाडीत बसवून दिलं. चुकलं माझं. तमाशा बसमध्ये झालाच. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी दलालाला फोन केला. शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय. एकट्यासाठी ते घर मी घेणार नाही. समुद्राकडची खोली तुझी. तू तरी त्या भाड्याच्या खोलीत एकटी बसून काय करतेस? भांडी मी घासीन. तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार नाही, निदान पहिला महिनाभर.

नाही म्हणालीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. नाही चालणार.

तुझा,
दादा