टाकीमागचा झेंडू

३० जून २००२, रविवार
आज रोप हलवायचं होतं. नाही हलवलं. तयारी अपुरी.

मागच्या वेळी घाई केली म्हणून मोगरा गेला. त्याआधी मुळं धरली का ते बघायला तुळस दोनदा उपटली, ती गेली. या वेळी शास्त्रशुद्ध. दसऱ्याच्या हारातल्या झेंडूचं बी आइस्क्रीमच्या कपात टाकलं होतं, त्यातलं एकच उगवलं. पण काय उगवलंय! वीतभर उंच, ताठ. पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, कडेला बारीक दाते. जात नक्कीच विदेशी असणार.

संकल्प : सोसायटीच्या गणपतीला या वर्षी माझ्या झेंडूचा हार. तोवर कुणाला सांगायचं नाही. कुंडी गच्चीवर टाकीमागे ठेवायची. सरप्राइज.

३ जुलै
ऑफिसातला क्लेमेंट त्याच्या गास गावातल्या वाडीतली माती घेऊन आला. स्वतः गच्चीपर्यंत पिशवी उचलली. रोप बघितलं, पान चोळून हुंगलं आणि म्हणाला, "आत्माराम, हा झेंडू नाय." मग काय आहे, तर म्हणे, "ते मला विचारू नको, पण उपटून टाक."

क्लेमेंट चांगला माणूस आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या वाडी असलेल्या माणसाला फ्लॅटवाल्याचं रोप जगलेलं बघवत नाही. चालायचंच. माती मात्र उत्तम आहे.

५ जुलै, संध्याकाळ
हलवलं!

आदल्या दिवशी पाणी घातलं, ऊन उतरल्यावर सुरुवात केली, माती, वाळू आणि शेणखत मिसळून कुंडी भरली, मधे खळगा केला. रोपाला कळता कामा नये की आपण हललो. कप उलटा करून बुडाला टिचकी मारली, मातीचा गोळा अलगद हातात आला. क्षणभर स्वतःचाच अभिमान वाटला. त्या क्षणात अर्धा गोळा फुटला.

मुळं दिसली. मी डोळे मिटून रोप खळग्यात सोडलं.

जयवंतीला खाली येऊन सांगितलं की चार दिवस त्याला सावलीत ठेवावं लागेल, नवीन मातीचा धक्का बसतो. ती म्हणाली, "लालबागहून इथे नालासोपाऱ्याला आणलंत तेव्हा मला कुठे ठेवलं होतं सावलीत?" तिचे गुडघे दुखतात म्हणून ती गच्चीवर येत नाही. बरंच आहे.

६ जुलै
पानं माना टाकून बसलीत. ऑफिसला फोन केला, घरात सीरियस आहे म्हणून. दिवसभर छत्री धरून टाकीमागे बसलो.

११ जुलै
उभं राहिलं! शेंड्याला नवी पालवी. माझ्या हातून जगलेलं हे पहिलं झाड. डोळ्यांत पाणी आलं, पण ते वाऱ्यामुळे.

२८ जुलै
तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू सिद्धेश गच्चीवर भेटला. वय सव्वीस-सत्तावीस, कुरिअर कंपनीत आहे, केस मानेपर्यंत. टाकीमागे डोकावला आणि थक्क झाला. "काका, हे तुम्ही लावलंय? मानलं तुम्हाला. बॉस!"

सोसायटीत इतक्या वर्षांत मला कुणी बॉस म्हटलं नव्हतं. म्हणालो, जमतं रे, हात लागतो त्याला. कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, "काका, मी कशाला सांगतोय?" समजूतदार मुलगा.

४ ऑगस्ट
सिद्धेशने दोन मित्र आणले. त्यांना रोप धक्का न लावता कसं हलवावं यावर मी माहिती दिली. मुलं अतिशय मन लावून ऐकत होती, आणि माझ्या प्रत्येक विनोदाला हसत होती. विनोद नव्हते तिथेही हसली. जयवंतीला म्हटलं, तरुण पिढी वाया गेलेली नाही. बागप्रेमी मंडळ काढायचा विचार आहे.

१८ ऑगस्ट
झाड कमरेच्या वर गेलं. कळी नाही. सिद्धेश म्हणतो शेंडे खुडल्याशिवाय फुटवा येत नाही, म्हणून तो स्वतः येऊन खुडतो. खुडलेली पानंसुद्धा टाकत नाही, घरी नेतो. इतकी आवड!

१ सप्टेंबर, रविवार
हे लिहायचं नव्हतं.

सेक्रेटरी ज्युलियस डिमेलो टाकी साफ करून घ्यायला आले, सोबत त्यांचे मेव्हणे. मेव्हणे पोलिसात आहेत. टाकीमागे गेले आणि तिथूनच ओरडले, "ज्युलियस, हा तर गांजा!"

मी वाळत घातलेल्या चादरीपाशी उभा होतो. सिद्धेश कठड्यावर बसला होता.

मेव्हण्यांनी झाड मुळासकट उपटलं. म्हणाले, तक्रार करत नाही, पण ज्याने लावलं त्याला घालवा. डिमेलोंनी सिद्धेशच्या केसांकडे बघितलं. "तूच ना रे?" सिद्धेशने माझ्याकडे बघितलं. मग खाली.

मीही बोललो नाही. मला कुणी थेट विचारलंच नाही.

जेवताना जयवंतीने विचारलं, झेंडू कसा आहे? म्हटलं, मेला. ती म्हणाली, "तोही?" आणि ताटात आणखी आमटी वाढली.

३ सप्टेंबर
विचार केला. सिद्धेश तरुण आहे, दुसरी खोली मिळेल त्याला. माझं इथे नाव आहे. शिवाय त्याला माहीत होतं ते काय आहे, मला नव्हतं. कायद्याने बघितलं तर मीच जास्त निर्दोष.

क्लेमेंटने डब्यातलं वाटून घेताना विचारलं, उपटलंस का? म्हटलं, उपटलं. पुढे विचारू नये म्हणून त्याला माझं लोणचं दिलं.

५ सप्टेंबर
कमिटीची मीटिंग. सिद्धेशने गणपतीआधी खोली सोडावी असं ठरलं. मी उठून म्हणालो, माणुसकी म्हणून महिनाअखेरपर्यंत मुदत द्यावी. डिमेलोंनी मिनिट्समध्ये माझ्या माणुसकीची नोंद घेतली.

जिन्यात सिद्धेश भेटला. हातात पिठाची पिशवी. "काका, थँक्यू," म्हणाला. खरंच म्हणाला की टोमणा, कळलं नाही. दोन्ही वाईटच.

७ सप्टेंबर
जेवण जात नाही.

८ सप्टेंबर, रविवार
मंडपाच्या कामाला सगळे जमले होते. सिद्धेशही खांब धरून उभा होता, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी खुर्चीवर चढलो आणि सांगून टाकलं. झाड माझं होतं. मी लावलं, मी वाढवलं.

आधी डिमेलो हसले, मग सगळेच. "आत्मारामभाऊ, तुमच्या हातचं झाड? पुरुषभर?" मी शपथ घेतली. खुर्ची हलली. बायकांत बसलेल्या जयवंतीकडे बघून म्हटलं, हिला विचारा. ती गोंधळली. "यांनी झेंडू लावला होता, पण तो मेला. यांनीच सांगितलं मला."

डिमेलोंनी माझा हात धरून मला खाली उतरवलं. दुसऱ्याच्या पोरासाठी आळ अंगावर घेणारा माणूस आजकाल मिळत नाही, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धेश खांब बांधत राहिला.

मी पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. टाळ्या थांबायची वाट बघितली. थांबल्यावर चहा आला.

९ सप्टेंबर
सिद्धेशने मुदत घेतली नाही. आज टेम्पो बोलावला. ऑफिसला गेलो नाही, त्याची गादी आणि टेबल खाली उतरवायला मदत केली. कुठे चाललास विचारलं. विरारला, मित्राकडे. टेबल चढवताना म्हणालो, मी सांगितलं रे सगळ्यांना. तो म्हणाला, "हो काका. आठवड्याने."

मग टेम्पोवाल्याने मला विचारलं, "आप भी साथ में?"

म्हटलं, नाही. मी इथेच राहतो.