नकचढी मॅक्सीन आणि गॅरेजच्या दारावरची खाच

मी, लिओना रूथ हॉकनबेरी, वय एकोणऐंशी, कैलासवासी वेंडेल हॉकनबेरी यांची पत्नी, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार एल्डर रस्ता, हॅनफोर्ड फॉल्स, ओहायो, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं आणि पूर्ण शुद्धीत करते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण त्याला म्हातारपण नाही, एक इंजिन कारणीभूत आहे, आणि त्या इंजिनाबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते फार गुळगुळीत होतं.

माझ्या वकील ग्वेन यानिक यांनी बजावलं होतं, "लिओनाबाई, कोणाला काय द्यायचं एवढंच लिहा. का द्यायचं ते लिहावं लागत नाही." पण 'का' गाळलं तर यात वाचण्यासारखं उरतं काय? तेव्हा मी 'का'सकट लिहिणार आहे. त्यांची फी त्यांना मिळणारच आहे.

कलम एक. एल्डर रस्त्यावरचं राहतं घर, अंगण आणि गॅरेज माझा मुलगा कर्ट याला देते. तो गुणी मुलगा आहे आणि दर रविवारी फोन करतो. अट एकच. गॅरेजच्या दाराच्या वरच्या बाजूला मधोमध जी चौकोनी खाच आहे, ती बुजवायची नाही. घर विकायला काढलं आणि कोणी नाक मुरडलं, तर त्यांना पुढचा मजकूर वाचून दाखवावा.

त्या गॅरेजात मी आणि शेजारचा डेल्बर्ट राउश यांनी मिळून एक्केचाळीस सालची विलिस मोटार उभी केली. ती डेल्बर्टच्या काकाच्या खुराड्यात पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आम्हाला तिची गॅसर करायची होती. आमच्या तरुणपणी या गाड्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर शर्यत मारायच्या, आणि पेट्रोलला इकडे 'गॅस' म्हणतात, म्हणून हे नाव. गॅसरचं नाक मुद्दाम वर उचललेलं असतं, म्हणजे सुटताना सगळा भार मागच्या चाकांवर बसतो आणि रबर जमिनीला धरून राहतं. त्यासाठी आम्ही पुढच्या चाकांखालचं सगळं काढून टाकलं आणि एका जुन्या ट्रकचा सरळ दांड्यासारखा एक्सल खाली घातला. एवढ्याशा गाडीत भलं मोठं इंजिन कोंबलं, आणि त्याला हवा घेता यावी म्हणून बॉनेटला भोक पाडून वर पत्र्याचं धुराड्यासारखं नळकांडं बसवलं. रंग दिला वांग्याचा. त्यात गेलेली कित्येक वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं होती, आणि हे मी दोन मुलांची आई, म्हणजे एका मुलाची आणि एका गाडीची आई म्हणून सांगते.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी सकाळी गाडी बाहेर ढकलली, तर धुराडं दाराच्या चौकटीला आपटलं. दार डेल्बर्टनंच मोजलं होतं. फक्त मोजलं होतं जुना एक्सल असताना.

"चाकांतली हवा काढू," डेल्बर्ट म्हणाला. काढली. तरी अडकलीच.

"आई, नाक थोडं खाली घे ना," कर्ट म्हणाला. "तेवढ्यानं काय बिघडणार आहे?"

"नाक खाली घेतलं तर ती गॅसर कसली? नुसती जुनी गाडी!" मी ओरडले. मी रडकुंडीला आले होते.

माझ्या वेंडेलचं औषधांचं दुकान होतं. गाडीतलं त्याला पेट्रोल कुठून भरायचं, एवढंच कळायचं. तो आत गेला, करवत घेऊन आला, शिडीवर चढला आणि आपल्या स्वतःच्या घराची चौकट कापायला लागला. भुसा त्याच्या टकलावर पडत होता. "किती लागेल, लिओना?" एवढंच त्यानं विचारलं. लग्नाच्या दिवशी केलं नसेल एवढं प्रेम मी त्या घटकेला त्याच्यावर केलं. डेल्बर्टनं मागाहून लोखंडी पट्टी ठोकून वरच्या भिंतीला आधार दिला, त्यामुळे घर पडायची भीती नाही. खाच बुजवायची नाही.

कलम दोन. माझ्या वडिलांची हत्यारांची लाल पेटी डेल्बर्ट राउश याला देते. ती आपलीच आहे असं तो आजतागायत म्हणत आला आहे. मी मधुचंद्राला गेले असताना माझ्या थोरल्या बहिणीनं, मॅक्सीननं, ती पेटी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ठेवली. "मुलींना पान्यांचं काय करायचंय?" हे तिचं म्हणणं. डेल्बर्टनं ती विकत घेतली. मी परत मागायला गेले तर म्हणाला, "पैसे टाकलेत मी. पेटी देणार नाही. हवी तर पेटीबरोबर मी येतो." आणि आला. पेटी माझ्या गॅरेजात राहिली, मालकी त्याच्याकडे राहिली आणि भांडण दोघांत राहिलं. आता पेटी घेताना त्यानं कर्टसमोर एकदा स्पष्ट म्हणावं, "ही लिओनाची होती." पुटपुटलेलं चालणार नाही.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते कर्टचं. आकडा ऐकून त्यानं हसू नये. बाकीचं गॅरेजमध्ये उभं आहे. माझी रुबार्ब पायची (आंबट देठं भरलेल्या गोड पेस्ट्रीची) कृती मागणाऱ्या बायकांना सांगावं की ती पिठाच्या पाकिटामागे छापलेली असते आणि मी आयुष्यभर तीच केली.

कलम चार. माझ्या अंत्यविधीला ऑर्गन मॅक्सीननंच वाजवावा, कारण गावात दुसऱ्या कोणाला येत नाही. तिनं तो नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं वाजवावा. तिला जमतं. ती मुद्दाम रेंगाळते.

कलम पाच. गाडी.

ती कर्टला देत नाही. त्याला तिच्यात एसी बसवायचा आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण एसी नाही.

प्रत्येक गॅसरच्या दारावर नाव रंगवलेलं असतं. नाव पडल्याशिवाय गाडी पुरी झाली असं आमच्यात कोणी मानत नाही. डेल्बर्टला 'वांगी वादळ' हवं होतं. पण नवा एक्सल बसवून गाडी प्रथमच चाकांवर उतरवली, आणि नाक वर करून, सगळ्या गॅरेजकडे तुच्छतेनं बघत ती उभी राहिली, तेव्हा मी हसत हसत जमिनीवरच बसले. "डेल्बर्ट," मी म्हटलं, "ही तर आमची मॅक्सीन!" मग रंगाऱ्याला बोलावून दोन्ही दारांवर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं: नकचढी मॅक्सीन. याचा मला पश्चात्ताप नाही. सोळाव्या वर्षी मी कुंपणावर चढून शर्यती बघून घरी यायचे, तर अंगाला जळक्या रबराचा वास येतो म्हणून ही बहीण मला जेवणाच्या टेबलावर बसू द्यायची नाही.

चर्चला जाता जाता तिनं ते पाहिलं.

"हे काय लिहिलंयस?"

"तुझं नाव."

"त्याच्या आधीचा शब्द विचारतेय मी."

"तोही तुझाच आहे, बाई."

पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिनं माझ्याशी अबोला धरला. थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना माझ्या शेजारी बसून म्हणाली, "वेंडेल, तुमच्या बायकोला सांगा, मीठ तिच्याजवळ आहे." आणि वेंडेलनं खरंच मला तसं सांगितलं.

उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या शर्यतीला वेंडेल तिला घेऊन आला. तिथे रुबार्ब पाय विकायच्या आहेत, अशी थाप मारून आणली होती. चर्चची टोपी घालून ती बाकावर बसली. मी रेषेवर आले, हिरवा दिवा लागला, गाडीचं नाक आणखी वर गेलं, आणि सगळे बाक ओरडायला लागले, "मॅक्सीन! मॅक्सीन!" वेंडेल सांगायचा, ती आधी शरमेनं लाल झाली, मग इकडेतिकडे बघितलं, आणि मग चक्क उभी राहिली. खरी मॅक्सीन हीच, असं कोणीतरी पुकारलं. तिच्यापुढे रांग लागली. एका दाढीवाल्यानं टोपीवर सही मागितली, तर हिनं मधल्या नावासकट करून दिली.

मी हेल्मेट काढून तिच्याकडे गेले.

"हरलीस," ती म्हणाली.

"थोडक्यात."

"एवढा आवाज करून? माझं नाव लावून परत हरायचं नाही, सांगून ठेवते."

तेव्हापासून ती एकही शर्यत चुकवत नाही. स्वतःची खुर्ची आणि सह्यांचं पेन घेऊन येते. विचारलं तर म्हणते, "मला काय करायचंय त्या धुडाचं? कोणीतरी लक्ष ठेवायला नको का तुझ्यावर?" पण मागच्या पानगळीत मी मागल्या दारानं गॅरेजात गेले, तर ती चालकाच्या जागी बसलेली होती. हातमोजे घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तोंडानं गिअर टाकल्याचा आवाज काढत होती. मी पाऊल न वाजवता परत फिरले. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या जिंकण्यानंही झाला नव्हता.

म्हणून ही गाडी मी माझी बहीण मॅक्सीन ओपल ड्रेसेल, वय त्र्याऐंशी, हिला देते. पण ती घेईल का, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडून तिनं आजवर काहीही घेतलेलं नाही, साधा स्वेटरसुद्धा परत केला. मी मृत्युपत्र करते आहे हे कळल्यावर तिचं पहिलं वाक्य हेच: "मला तुझं काही नकोय. साक्षीदार म्हणून सही करीन, झालं." मी म्हटलं, बरं. तिनं यातला एक शब्दही वाचलेला नाही. साक्षीदाराला वाचावं लागत नाही.

आता ग्वेन यानिक सांगतात की दोन साक्षीदारांपैकी एकाला मृत्युपत्रातून काही मिळणार असेल, तर त्याचा वाटा बुडतो. म्हणून मी अशी व्यवस्था करते. मॅक्सीननं आधी ठरल्याप्रमाणे सही करावी. मग वकीलबाईंनी तिला फक्त हे पाचवं कलम मोठ्यानं वाचून दाखवावं. सही तिनं तशीच ठेवली, तर गाडी डेल्बर्टची. खोडली, तर तिची, आणि साक्षीदार दुसरा शोधावा. मी खोलीत थांबणार नाही. मी बाहेर जिन्यावर बसेन, कारण ती नाही म्हणाली तर ते मला बघवणार नाही.

मॅक्सीन, घेतलीस तर एवढंच. तिचं नाक खाली करायचं नाही. तुझंही.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वतःच्या हातानं सही करते.

लिओना रूथ हॉकनबेरी

स्थळ: हॅनफोर्ड फॉल्स, ओहायो
दिनांक: ९ मे २०२३

साक्षीदार पहिला: डग्लस मरे पेटिट, टपाल खात्यातून निवृत्त.

साक्षीदार दुसरा: मॅक्सीन ओपल ड्रेसेल. (खोडले.)

त्याऐवजी: नोरीन फिट्स, तळमजल्यावरील फुलांचे दुकान.

वकिलाची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराची सही श्रीमती ड्रेसेल यांनी स्वतः, माझ्यासमोर खोडली. पाचवे कलम वाचून पूर्ण होण्याआधीच त्यांनी माझ्या हातातील पेन घेतले होते. खोडताना कागद फाटला आहे, तो तसाच ठेवला आहे. त्यानंतर मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना जिन्यावरून आत बोलावले आणि त्यांनी नव्या साक्षीदारासमोर पुन्हा सही केली. त्या प्रसंगी श्रीमती ड्रेसेल यांनी बहिणीस उद्देशून काढलेले उद्गार, त्यांच्याच आग्रहावरून, येथे जसेच्या तसे नोंदवत आहे: "तू मरेपर्यंत कोण थांबतंय? किल्ली आण इकडे."