काहीच न पेलणाऱ्या तुळया

सेक्टर १०, भिलाई
नोव्हेंबर १९६३

चि. तेजराम यास,

तुमच्या घरच्या एकुलत्या एक आणि अजून तरी जित्या असलेल्या जावयाचा, म्हणजे शालिकरामचा, आशीर्वाद पोचावा. मामीचे, म्हणजे तुह्या आईचे, गुडघे, धानाची कापणी, गाईचं दूध हे सारं ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडचं म्हणशील तं छत जागेवर आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण तुह्या बहिणीले ते पटत नाही.

क्वार्टर मिळालं तेव्हा कौशल्या पहिल्याच दुपारी खाटेवर पडली, वर पाहिलं आणि ताडकन उठून बसली. म्हणे, याले तुळई कुठं आहे? मी प्लांटात दिवसभर लोखंडाच्या तुळया उचलणारा माणूस. तिले सिमेंट, सळाख, स्लॅब सारं समजावून सांगितलं. लोखंड आत आहे म्हटलं. ती म्हणे, "दिसत तं नाही." गावच्या घरात सागाची तुळई पाहून झोपलेली बाई, तिले हे पांढरं सपाट छत म्हणजे कोणी हवेत फेकलेली पाटी वाटे. तेवढ्यात उन्हाळ्यात तू आला. बहिणीचे डोळे पाहून तुले भरून आलं (मेव्हण्यांले फार लवकर भरून येते). पावर हाऊसच्या बाजारातून कबाड्याकडच्या, रशियाहून आलेल्या मशिनीच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, त्यांचे लांब लांब पोकळ डबे ठोकले, वार्निश मारलं आणि मी ड्यूटीवर असताना तीन तुळया छताले ठोकून मोकळा झाला. मधल्या तुळईवर रशियन अक्षरं तशीच दिसत होती. खात्यातल्या दुभाष्याले चहाले बोलावलं, तं तो वाचून म्हणाला, "हा भाग वर ठेवावा." तो भाग तू खाली ठेवला होतास. असो. त्या तुळया छताले धरून नव्हत्या, छतच बिचारं त्यांले धरून होतं. पण कौशल्या त्या दिवशी घोरली, आणि या घरात इंजिनिअर कोण, हे कायमचं ठरलं.

मग आले ढेकूण. मी म्हटलं, तुह्या भावाच्या पोकळ तुळयांत बिऱ्हाड करून राहिले. ती म्हणे, "ढेकूण तं शेजारच्या जानरावभाऊच्या घरीबी आहेत. त्यांच्या घरी कुठं तुळया आहेत?" (वकिलाच्या घरी द्यायची होती हिले.) फटींत रॉकेल सोडलं तं ते माह्या भातात टपकलं. तेव्हा ठरवलं की दिवाळीत राहून गेलेली सफेदी करायची आहेच, तर त्याआधी या शोभेच्या वस्तू खाली आल्या पाहिजेत.

रविवारी तुळया उपटाले लोखंडाची सब्बल घेतली. तुह्या बहिणीनं आधी देव बाहेर नेले, मग पितळेची भांडी, मग गाद्या, मग लोणच्याची बरणी. मले कोणी नेलं नाही. तू फळ्या मोजून वापरल्या, पण खिळ्यांत हात काही आखडला नाहीस, त्यामुळे पहिली तुळई आली ती छताचे पोपडे घेऊनच, आणि असा आवाज झाला की शेजारचा जानराव धावत आला. क्रेन चालवणारा माणूस, छाती ही एवढी. कौशल्यानं त्याच्या बायकोले सांगून ठेवलं होतं की माह्या भावानं छत पक्कं केलं. जानरावनं खाली पडलेली तुळई पाहिली, खाटेवर उडी मारली आणि दोन्ही हात छताले लावून ओरडला, "शालिकरामभाऊ, वयनीले दूर न्या! म्या धरून ठेवलं आहे!"

मी म्हटलं, "अरे जानराव, ते पोकळ आहे. त्याच्यानं काही धरलं नव्हतं." त्याले आतून दाखवलं. त्यानं मान वाकवून खाली पाहिलं, मग वर पाहिलं आणि म्हणाला, "मंग हे कशावर उभं आहे?" आणि हात काही खाली घेतले नाहीत. उरलेल्या दोन्ही तुळया मी त्याच्या काखेखालून काढल्या.

आता ऐक. तुळया फोडून पाहिल्या तं त्यांत दोन पाली आणि तुही हरवलेली पेन्सिल. ढेकूण खाटेच्या सुतळीत होते. हे मी कौशल्याले सांगितलं नाही. तिनं स्वतःच पाहिलं, आणि आपली गादी ओसरीतच अंथरली. भांडली असती तं बरं झालं असतं.

त्या दिवसापासून ती ओसरीत झोपते. थंडी पडून राहिली, खोकला झाला. मी म्हटलं, आत ये. म्हणे, "मरण्यापेक्षा खोकलेलं बरं. तुमचा भरवसा आहे त्याच्यावर, तुमी झोपा." मी आत एकटा पडून राहातो. वर पाहातो. पाहाले काही नाही.

तर सांगायचं एवढंच की सुतारकी तुह्या हातची नाही, आणि माह्या घरात पुन्हा खिळा ठोकायचा नाही. मामीले नमस्कार सांगावा.

तुझा,
शालिकराम

ता. क. येतो कधी? फळ्यांले ऊन दिलं आहे, रॉकेलचा हात फिरवला आहे. तिन्ही तुळया नकोत. खाटेच्या वरची एक पुरे.

ता. क. २. जानरावलेही दोन पाहिजेत. त्या दिवसापासून तो घरात वाकून चालते.

ता. क. ३. पाकीट बंद करताना तुह्या बहिणीनं पत्र हातातून घेऊन वाचलं. म्हणे, एकच काहून, तिन्ही लावाले सांगा. आणि भाऊ येईपर्यंत तुमची खाट इकडे आणा, मले तुमचीबी काळजी लागते. तर हे शेवटचं ओसरीतून लिहून राहिलो. थंडी फार आहे. लवकर ये.