जबलपूरच्या आकाशाचा नकाशा

बाबा, परवा संध्याकाळी मदन महलच्या टेकडीवर कॉलनीतली वीसेक माणसं माझ्या भरवशावर उभी होती.

सूर्यास्तानंतर ग्रह एकत्र दिसणार म्हणून सगळ्यांच्या मोबाईलवर एक चित्र फिरत होतं. सहा टपोरे ग्रह, तिरक्या रेषेत, मण्यांसारखे ओवलेले. मी पंचांग घेऊन, हिशेब करून वेगळाच नकाशा काढला होता. माझ्या नकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारे चारच ग्रह होते आणि रेषा जवळजवळ उभी होती: शुक्र तळाशी, त्याच्या वर बुध, मग शनी, आणि गुरू पार डोक्याजवळ. चार दिवस ढग होते, त्यामुळे ताडून बघता आलं नव्हतं. शेजारचे भैया हसत म्हणाले, "दीदी, सारी दुनिया गलत और आप सही?" मला आपली जुनी गच्ची आठवली.

तेव्हा मी अकरा वर्षांची. तुम्ही फॅक्टरीतून आलात, जिथे दिवसभर यंत्रांच्या भागांची चित्रं काढायचात. मी मासिकातून उतरवलेला आकाशाचा नकाशा कौतुकानं पुढे करते. तुम्ही चष्मा लावता. "शुक्र इथं काहून काढला? मोजला का?"

"मासिकात तसाच आहे."

"मासिकवाले दूर उत्तरेत बसून राहिले, तिथून रेघ तिरकी दिसते. तू कुठं उभी राहून पाहून राहिली?" आणि सरळ खोडरबर. मी रडले. तुम्ही मला गच्चीवर नेलंत, हात लांब करून मूठ धरायला लावलीत. एक मूठ म्हणजे दहा अंश. क्षितिजापासून शुक्रापर्यंत मी मुठीवर मूठ ठेवत गेले, आणि तुम्ही मोठ्यांदा हसत होतात.

परवा शुक्र आधी दिसला, अगदी खाली, झाडांना टेकलेला. मी सगळ्यांना म्हटलं, "इथून सरळ वर, अर्धी मूठ." भैयांचीच आई ओरडली, "अरे, वो रहा! छोटा सा!" बुध, बाबा! थोड्या वेळानं त्याच्याही वर शनी. टेकडीवर नुसता गलका. अनोळखी पोरींनीही हात लांब करून मुठी मोजल्या. भैयांनी मोबाईल खिशात घातला आणि माझा कागद मागितला, "चलो दीदी, अब गुरु दिखाओ."

तुम्हाला सांगायचं कसं, म्हणून हे लिहून राहिले. तुम्ही जिथं गेलात तिथं पाठवायची सोय नाही. आणि एक कबूल करते. तेव्हा मला ग्रहांत काडीचा रस नव्हता. गणिताचा गृहपाठ टळायचा, म्हणून मी रोज तुमच्यामागे गच्चीवर यायचे.