बोट लावल्याबिगर दळण न्हाय

२ ऑगस्ट २०२१, सोमवार

बोटाचं मशीन आलं. ऑक्सिमीटर. पहिलं बोट कुरिअरवाल्याचंच घातलं. ९८. तो हसला. हसाय काय झालं? मोबाईलवर रोज बातम्या ऐकते म्या, सायन्सच्या बी अन् धंद्याच्या बी. चौथी शिकले म्हणून काय झालं? डेल्टाला आता प्लस लागलाय. प्लस म्हंजे जास्तीचा, एवढं चौथीत बी शिकवतेत. धंद्याच्या बातमीत म्हणले, ह्या साथीत आरोग्याचा धंदा तेवढा जोरात चालला. मग आपल्या गिरणीनं काय नुसतं पीठच पाडत बसायचं?

उद्यापास्नं नियम. बोट लावल्याबिगर दळण न्हाय. ९४ च्या खाली आला की डबा उचलून माघारी.

आणखी एक. कुणावर बी वरडायचं न्हाय. डॉक्टर वरडत न्हायत.

५ ऑगस्ट, गुरुवार

वरडले. पर बंडप्पानं वरडायला लावलं. त्याचं बोट ढेकळावानी, मशीन आकडाच दाखवंना. म्हणला, वैनी, दळायचं ज्वारीला हाय, मला न्हाय, तिचं बघा बोट. सगळे हसले. डबा घेऊन खालच्या गल्लीतल्या गिरणीवर गेला. जाऊ दे.

कडूबाई आजीनं मातर दहाच्या दहा बोटं लावली. वर म्हणली, सगळी मिळून किती झाली गं? अशी गिऱ्हाइकं पायजेत.

८ ऑगस्ट, रविवार

निकिताचा फोन. लेकीची लग्नानंतरची पहिली पंचमी. गुरुवारी सांजच्याला येणार, जावई मोटरसायकलवर सोडणार. मे महिन्यात लगीन पंचवीस माणसांत उरकलं, पोरीची धड पाठवणी बी झाली न्हाय. सारी हौस आता करायची. हिरवी साडी आणली. मालकानं लिंबाला झोका बांधला.

मालक म्हणले, पोरीला तरी बोट लावायला लावू नको. म्या सांगितलं, घरच्याला सूट दिली तर गाव काय म्हणंल? ते बाहेर गेले. नेहमी बाहेरच जातेत.

१२ ऑगस्ट, गुरुवार. सांज

निकिता आली. उंबऱ्यातच बोट घेतलं. ८४. परत घेतलं. ८३. दुसऱ्या हाताचं, ८४.

पोरगी म्हणती, आई, मला काय बी झालं न्हाय, साधी शिंक न्हाय. ही मेंदी तर बघ, जाऊबाईनं काळ्या कोनानं काढली, पेरं सुद्धा भरली. म्या म्हणले, मेंदी मग बघू, आधी आकडा बघ. मालक म्हणले, धाप न्हाय, काय न्हाय, येऊ दे की आत. त्यांना काय ठावं? बातमीत सांगितलंय, आतून ऑक्सिजन सरत असतो अन् माणूस हसत बोलत असतं. ही बी हसत बोलत हुती. म्हंजे तेच.

दारातनंच माघारी लावली. जावयाला म्हणले, थेट दवाखाना गाठा. साडी पिशवीत घालून लांबनं टाकली, जावयानं झेलली. पोरगी रडाय लागली. रडल्यावर दम आणखी लागतो, ते बी सांगितलं.

बरोबरच केलं.

१३ ऑगस्ट, शुक्रवार. पंचमी

आज विळी न्हाय, तवा न्हाय, गिरणी बी बंद. पुरणाची दिंडं उकडली. कुणी खाल्ली न्हायत. झोक्यावर शेजारची लेकरं चढली, हाकलली. मग परत बोलावली.

दुपारी जावयाचा मेसेज. टेस्ट निगेटिव्ह. मालकानं वाचून दाखवला. दोनदा. म्या म्हणले, टेस्ट चुकते, बातमीत सांगतेत. मशीन चुकत न्हाय.

ते बाहेर गेले.

निकितानं फोन उचलला न्हाय. रेंज नसंल.

१७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी केसाला काळी मेंदी लावली. उजव्या हातानं. मग पाठीत चमक भरली म्हणून सहज बोट घातलं. ८१.

घाम फुटला. आडवी पडले. मालकाला म्हणले, मी चालले, निकिताला बोलवा. न्हाय, बोलवू नका, तिला लागण हुईल, फोनवर दाखवा. गिरणीचा पट्टा बदलायचा राहिलाय, तेवढं बघा. मालक माझ्याकडं बघत बसले. मग उठले, माझा डावा हात धरला अन् त्याचं बोट मशीनात घातलं.

९८.

उजवा, ८१. डावा, ९८. उजवी बोटं काळीकुट्ट.

निकिताची पेरं डोळ्यापुढं आली.

मालकानं मशीन पुसून फळीवर ठेवलं. बोलायला पायजे हुतं त्यांनी. चार शिव्या द्यायच्या.

दुपारी दळणं आली. तशीच घेतली.

२० ऑगस्ट, शुक्रवार

तामलवाडीला, निकिताच्या सासरी, जाऊन आले. एसटीत सारा वेळ पाठ करत गेले. निकिता, चूक माझी झाली, तुझी मेंदी म्या बघितली न्हाय. सगळ्यांच्या देखत म्हणणार हुते.

दारात विहीणबाई, लक्ष्मीबाई. मला बघून पदर नाकाला लावला. ताप उतरला का हो, म्हणल्या. म्या म्हणले, कसला ताप? तर म्हणल्या, आता लपवू नका, निकितानं सांगितलंय सगळं. तुमाला ताप म्हणून पोरगी उंबऱ्यातनंच फिरली, म्हणून तर टेस्ट केली तिची. अंगात ताप असताना उठून साडी दिली तुमी. माया असावी तर अशी.

जावई खाली मान घालून चपलीकडं बघत हुता. निकिता आतल्या दारात. माझ्याकडं बघंना.

खरं बोलावं तर लेक सासरी खोटी पडती. पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. म्हणले, व्हय, आता बरं हाय.

मला अंगणात, लांब, बाजेवर बसवलं. काढा करायला सांगितला. निकितानं आणला, पेला भुईवर ठेवला अन् मागं सरली. काढा कडू जहर. सगळा पिले.

विहीणबाई म्हणल्या, अजून देऊ का?

व्हय म्हणले. निकिताच आणणार हुती.