पोपटी रंगाची बाई

राजारामपुरी, कोल्हापूर
फेब्रुवारी २००३

प्रिय श्रुती,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. तुझ्या बाबांनी ते न उघडता माझ्या हातात दिलं आणि काही विचारलं नाही. आपल्या घराला न विचारण्याची सवयच आहे. चौथीच्या पोरांना मी दरवर्षी पत्रलेखन शिकवते, पण तुला लिहायला बसले की मायन्याच्या पुढं हात जात नव्हता. तू माफी मागितलीस. ती वाचून राग गेला असता तर बरं झालं असतं. राग कधीच गेलाय गं. उरलीय ती लाज, आणि तिचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

बाबांची शुगर आता ताब्यात आहे. सकाळी विद्यापीठाकडं फिरायला जातात. परवा तुझी पहिली मूर्ती माळ्यावरून काढून पुसत बसले होते, शाडूचं आजोबांचं डोकं. तेव्हा किती कौतुक झालं होतं! अगदी हुबेहूब, कानाची पाळीसुद्धा तशीच. बाबांना वाटायचं, पोरगी पुढं चौकाचौकातले पुतळे करणार. मग तू शिल्पकला शिकायला बडोद्याला गेलीस आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत दाराएवढी शांपूची पुडी घेऊन आलीस, फायबरची, गुलाबी. रिक्षावाल्यानं ती टपावर बांधून आणली होती आणि सगळी गल्ली दारात उभी. तू आम्हांला समजावलंस, की बाजारात मिळणाऱ्या, जाहिरातीत दिसणाऱ्या वस्तू मोठ्या करायच्या, रंग भडक द्यायचे, म्हणजे रोजची वस्तू माणूस पहिल्यांदा बघतो. यालाच पॉप आर्ट म्हणतात. बाबा म्हणाले, "जत्रंतल्या खेळण्यागत दिसतंय." तू रुसली नाहीस. उलट हसून म्हणालीस, "बाबा, तेच तर पायजे!" मला सगळं कळलं नाही, पण तुझा तो गॅस सिलिंडर, नेलपॉलिश लावलेला कुकर, पाण्याच्या घागरींचा डोंगर बघताना मजा वाटायची. आपल्या स्वैपाकघरातलं सामान कुणीतरी नटवून वरातीत बसवल्यासारखं.

माझ्या मिरजेच्या ऑपरेशनला त्या वेळी तीन वर्षं झाली होती. छातीत गाठ निघाली, डावी बाजू पूर्ण काढली, मी वाचले. शेजारीपाजारी सांगितलं, पोटाचं ऑपरेशन होतं. शाळेतही तेच. ब्लाऊजमध्ये घालायची कापसाची उशी मी स्वतः शिवायची, दार लावून. बाबा दवाखान्यात सगळ्या रात्री बाकावर बसून होते, पण घरी आल्यावर ते खोलीत आले की मी पदर ओढून घ्यायची आणि ते दुसरीकडं बघायचे. त्यांना वाटत असावं, मला संकोच नको. मला वाटायचं त्यांना बघवत नाही. खरं काय, ते आम्ही अजून एकमेकांना विचारलेलं नाही.

मग गेल्या मे महिन्यात तू म्हणालीस, "आई, तुझा साचा घेऊ? अभ्यासाला." मागच्या खोलीत मला स्टुलावर बसवलंस, अंगाला व्हॅसलीन चोपडलंस, मोडलेल्या हाताला घालतात तसल्या प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या एकावर एक लावल्यास. व्रणावर तुझी बोटं आली तेव्हा मी श्वास धरला. डॉक्टरांनंतर तिथं हात लावणारी तू पहिली. तू थांबली नाहीस, घाईही केली नाहीस. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे मला माहीत नव्हतं. ती ऊब छातीभर पसरली आणि मला रडू आलं. तू म्हणालीस, "हलू नको, साचा बिघडंल," आणि माझे डोळे पुसलेस. त्या दुपारी मला कशाचीच लाज वाटली नव्हती. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

इथं कोल्हापुरात भरलेल्या तुझ्या प्रदर्शनाचं आमंत्रण शाळेत मीच वाटलं होतं. सगळ्या बाईंना, मुख्याध्यापकांना, शेजारच्या अंबूबाईला. इरकल नेसून, गजरा माळून मी पुढं, आणि सगळा घोळका मागं. हॉलच्या मधोमध घागरींच्या डोंगरावर ती बसली होती. पोपटी रंगाची, गाडीसारखी चकाकणारी, साच्यावरून माझ्या दुप्पट मोठी केलेली बाई, उघडी. मी एकदाच वर पाहिलं असेल. माझे खांदे मी ओळखले. डाव्या बाजूकडं नजर जायच्या आत मान खाली घातली. नंतर दिसली ती फक्त हॉलची फरशी आणि लोकांच्या चपला. मागं कुणीतरी हसलं. मग ते हसू थांबलं, आणि ती शांतता हसण्याहून वाईट होती. अंबूबाईला कुठं काय बोलावं कळत नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "मीना, ही तूच की गं!" आणि मी म्हणाले, "न्हाय. कोणतरी मॉडेल असंल." तू खांबाजवळ उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला. तुला पुढं यायचं होतं आणि मी तुला ओळख न दाखवता जिना उतरले.

न विचारता मला मांडलंस, ही तुझी चूक. ती तू कबूल केलीस, विषय संपला. पण भर हॉलमध्ये मी स्वतःला नाकारलं, त्याची माफी मी कुणाकडं मागू? शाळेत आता सगळ्या जणी माझ्याशी फार गोड बोलतात. डबा खाताना मला जागा करून देतात.

गेल्या रविवारी अंबूबाई आली. मी चहा टाकायला उठले तर हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "मी शेवटच्या दिवशी परत गेलते, एकटीच. आदी त्या रंगाचं हसू आलतं मला. मग बसून बघितलं. बाई, लई रुबाबात बसलीयास तू. मान अशी, जणू समद्या घागरी तुझ्याच मालकीच्या. तिथं न्हाय ते न्हायच दावलंय पोरीनं, झाकलं न्हाय, पर लाजवलं बी न्हाय." मग तिनं विचारलं, "तू नीट बघितलास का तरी?" मला खोटं बोलता आलं नाही. तिनं कपाळाला हात लावला. "म्हंजी तू सोडून समद्या कोल्हापुरानं बघितलं?"

ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. पदर काढायला हात गेला नाही. ऑपरेशनपासून एकदाही गेलेला नाही, श्रुती. अंघोळ करतानाही मी समोरच्या भिंतीकडं बघते. तू लिहिलंयस की होळीच्या सुट्टीआधी हातोडा घेऊन तो बडोद्याला परत नेलेला पुतळा फोडणार, म्हणजे मला पुन्हा कधी खाली बघायला लागू नये. फोडू नकोस. निदान मी येईपर्यंत नको. पुढच्या शनिवारी शाळा सुटली की मी बडोद्याला निघते. काल रात्री बाबांना सांगितलं कशासाठी जाते ते, सगळं. ते म्हणाले, "मी बी येऊ का? तू म्हणशील तर भाईर थांबीन." मी म्हटलं, आत या. पुतळ्याच्या खोलीत दुसरं कुणी ठेवू नकोस. मी जरा वेळ खालीच बघत बसेन, तेवढा वेळ मला दे. मग तू म्हण, "आई, वर बघ."

तुझीच,
आई