सोन्याची चकती अन् माझा दम

भातकुली

तीर्थरूप पार्वताबाईले धाकट्या भावाचा, खुशालचा दंडवत. अकोल्यात तुझे गुडघे काय म्हणतात? इकडं सारं मजेत आहे, असं लिहिणार होतो. पण आता ते सोय राहिली नाही.

माझी रागिणी सुट्टीवर आली आहे. तिकडं दक्षिणेत अणुभट्टीवरून रोज फोन करते, अन् मी रोज सांगतो, दम लागत नाही. (लागते. ओटा चढलो तरी लागते.) म्हणून ते घरी येण्याच्या आधी मी छातीच्या गोळ्या तुरीच्या कोठीत लपवल्या, शेजारच्या लीलाबाईले गप राहाले सांगितलं, अन् पोरीसंगं ऐटीत वावरात चाललो. धाप लागली की थांबून कापसाची पराटी न्याहाळाची!

तिनं तब्येतीचं काढू नये म्हणून मीच इचारलं, पोरी, तुझं काम तरी काय? तिथंच फसलो. म्हणे, भट्टीतले न्यूट्रॉन नावाचे कण डोळ्याले दिसत नाहीत. म्हणून वर्खासारखी सोन्याची चकती आत ठेवाची. न्यूट्रॉन लागून ते किरणं सोडाले लागते, ते मोजाचे. पण चकती सोताच न्यूट्रॉन खाते! वरच्या कातडीनं खाल्ले की पोटात कमी पोचतात, अन् आकडा कमी येते. मोजाले गेलेल्यानंच माप बिघडवलं, घ्या! मंग जाड चकती ठेवून पाहाचं, पातळ ठेवून पाहाचं, अन् त्यावरून काढाचं, की चकती नसतीच तर किती भरलं असतं. याले दुरुस्ती म्हणतात. (सोनं वापस भेटते का, हे मी इचारलं. ते पुढं चालाले लागली.)

दुसऱ्या दिवशी ते संगं आली नाही, ओट्यावरून पाहत बसली. मी जरा हळू चाललो. तिसऱ्या दिवशी म्हणे, अमरावतीच्या राजापेठेत कापड घ्याले जातो. अन् गेली कुठं, तर लीलाबाईच्या गोठ्यामागं, लपून मले पाहाले! मी विहिरीकडं निघालो, अन् अर्ध्या वाटेत छाती धरून धुऱ्याच्या बांधावर बसलो. ते मागून येऊन जवळ बसली. "बाबा," म्हणे, "आता चकती नव्हती." अन् रडाले लागली. बाई, मले लय लाज वाटली, अन् लय हलकंही वाटलं.

तुझा खुशाल

ता. क. पोळ्यानंतर अमरावतीले हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तू गुडघे सांभाळ, इतक्या दूर येऊ नको. मले काही भेव वाटत नाही.

ता. क. वरचं रागिणीनं वाचलं. म्हणे, बाबा, दुरुस्ती लावा. लावली. बाई, लवकर ये.